ट्रेफॉइल पेप्टाइडे

जठराच्या अस्तरातील पेशी तयार करतात ती लहान, संरक्षक प्रथिने. श्लेष्म्याबरोबर ती बाहेर पडतात. आम्ल व पेप्सिन यांच्यापुढे अस्तर टिकवून धरणे आणि ते सोलवटले तर उघडी पडलेली जागा लवकर झाकून घेणे, ही त्यांची मुख्य कामे. माणसात ती तीन असून त्यांना टीएफएफ१, टीएफएफ२ व टीएफएफ३ म्हणतात. तिघांची जनुके २१ व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत.

मालवणात दुपारी भात, बांगड्याचे तिरफळ घातलेले तिकले आणि वर सोलकढी पोटात जाते, तेव्हा माशाचे प्रथिन फोडण्याचे काम पेप्सिन करते. त्याला लागणारे हायड्रोक्लोरिक आम्ल इतके तीव्र असते, की रिकाम्या जठरातील रसाचा सामू १ ते २ भरतो. जठराची भिंतही प्रथिनांचीच, तरीही ती पचून जात नाही. भिंतीवर श्लेष्म्याचा चिकट थर असतो व पेशींनी सोडलेले बायकार्बोनेट त्यात अडकून राहते. त्यामुळे पेशींच्या अगदी लगत सामू ७ च्या आसपास राहतो. टीएफएफ१ पृष्ठभागावरच्या पेशींतून आणि टीएफएफ२ खोलवरच्या ग्रंथींतून स्रवते. टीएफएफ२ श्लेष्म्यातील म्यूसिनच्या शर्करासाखळ्यांना धरून ठेवते आणि थर अधिक दाट करते. टीएफएफ३ चे मुख्य ठाणे आतड्यात आहे.

या पेप्टाइडांच्या प्रत्येक घडीत सिस्टीनच्या सहा अवशेषांमधून तीन गंधकबंध बनतात. जाळ्याच्या दोऱ्याला तीन जागी पक्क्या गाठी माराव्यात तशी ही रचना घट्ट बसते, आणि म्हणूनच जे पाचकरस इतर प्रथिनांचे तुकडे करतात त्यांना ही पेप्टाइडे सहज दाद देत नाहीत. टीएफएफ१ मध्ये ६० व टीएफएफ३ मध्ये ५९ अमिनो आम्ले असून घडी एकच असते; टीएफएफ२ मध्ये १०६ अमिनो आम्ले व दोन घड्या असतात.

खरी करामत दुरुस्तीत दिसते. दारू, जळजळीत औषध किंवा घट्ट घास यांनी वरच्या पेशी गळाल्या, की काठावरच्या पेशी काही मिनिटांत चपट्या होतात, पाय पसरतात आणि पेशींखालच्या उघड्या पायपटलावरून सरकत जखम झाकतात. त्यासाठी पेशीविभाजन लागत नाही. उथळ जखम काही तासांत बुजते. ट्रेफॉइल पेप्टाइडे पेशींची एकमेकींवरची पकड सैल करून या सरकण्याला हात देतात आणि त्या वेळी पेशी मरू नयेत हेही पाहतात. व्रण खोल गेला तर मात्र नव्या पेशी, नव्या रक्तवाहिन्या आणि आठवड्यांचा अवधी लागतो. तेथे बाह्यत्वचा-वृद्धी घटक हे ५३ अमिनो आम्लांचे दुसरे पेप्टाइड कामाला येते. ते लाळेतही असते. त्याच्या शोधात वाटा असलेल्या स्टॅन्ली कोएन यांना १९८६ चे नोबेल मिळाले.

या कुळाचा शोध जठरात लागलाच नाही. १९८२ मध्ये डेन्मार्कमध्ये डुकराच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन वेगळे करताना उरलेल्या अंशात टीएफएफ२ सापडले. त्याच वर्षी स्ट्रासबर्गमध्ये स्तनाच्या कर्कपेशींत टीएफएफ१ आढळले. दोन्हींचे नाते पुढे लार्स थिम यांनी दाखवले. १९९६ मध्ये टीएफएफ१ चे जनुक काढलेल्या उंदरांच्या जठरात गाठी वाढल्या, काहींत कर्करोगही झाला; टीएफएफ३ नसलेल्या उंदरांच्या आतड्याची इजा नीट भरली नाही. टीएफएफ२ नसलेल्या उंदरांत आम्ल वाढले आणि वेदनाशामकाने अस्तर लवकर फाटले (२००२).

माणसात हे संरक्षण बहुधा दोन कारणांनी ढासळते. रापणीचे जाळे ओढून कंबर धरली म्हणून रिकाम्या पोटी घेतलेली वेदनाशामक गोळी प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, आणि श्लेष्मा व बायकार्बोनेट दोन्ही कमी पडतात. दुसरे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू. मार्शल व वॉरन यांनी तो १९८२ मध्ये वाढवून दाखवला आणि २००५ मध्ये नोबेल मिळवले. गंमत म्हणजे हा जीवाणू टीएफएफ१ लाच चिकटतो. रक्षक त्याच्या हाती पकडीची जागा बनतो.

‘पित्त’ वा ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून कोकणात जे सांगतात त्यात आहाराकडे बोट दाखवण्याची रीत आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. म्हैसूरला शल्यचिकित्सक असलेले फ्रँक टोव्ही यांनी भारतभर पाहणी केली, तेव्हा पक्वाशयव्रण भात खाणाऱ्या दक्षिणेत व पूर्वेत जास्त आणि गहू खाणाऱ्या वायव्येत कमी आढळला. पुढे त्यांच्या गटाला प्राण्यांवरील प्रयोगांत संरक्षक गुण गव्हाच्या, काही भरड धान्यांच्या आणि कुळथाच्या स्निग्ध अंशात मिळाला. उकड्या तांदळाच्या भातावर कुळथाची पिठी घेणाऱ्या सिंधुदुर्गाच्या ताटात या दोन्ही बाजू एकत्र येतात. कोकमाच्या सालीतील गार्सिनॉलनेही उंदीरजातीय प्राण्यांत इंडोमेथासिन या वेदनाशामकाने होणारी जठरातली इजा कमी केल्याचे २००० मध्ये जपानी संशोधकांनी नोंदवले. मात्र यांतले कोणतेही ट्रेफॉइल पेप्टाइड नव्हे, आणि पिठी किंवा सोलकढी व्रणावरचा उपचार ठरत नाही. काळे शौच, रक्ताची उलटी अशी लक्षणे असतील तर आधी डॉक्टरकडेच जावे.

बाजारात ‘पोट बरे करणारे पेप्टाइड’ म्हणून विकले जाणारे बीपीसी-१५७ हे १५ अमिनो आम्लांचे कृत्रिम संयुग ट्रेफॉइल कुळातले नाही. त्याचे बहुतेक पुरावे प्राण्यांपुरते आहेत आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने खेळाडूंसाठी त्यावर २०२२ पासून बंदी घातली आहे. टीएफएफ३ चा एनिमा आतड्याच्या व्रणयुक्त दाहात फारसा उपयोगी ठरला नाही. निदानात मात्र ते कामी आले आहे : दोऱ्याला बांधलेला स्पंज गिळवून, वर ओढून, त्यावर आलेल्या पेशींत टीएफएफ३ शोधले, की अन्ननलिकेतील बॅरेट विकार ओळखता येतो. केंब्रिजमध्ये विकसित झालेल्या या चाचणीचा ब्रिटनमधील मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.