ओमानमधील खासगी किरणोत्सार-निवारे : भिंतीपेक्षा हवा आणि पाणी महत्त्वाचे

जून 2025 मध्ये इराणच्या नातांझ, फोर्दो आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर हल्ले झाले. त्या वेळी केंद्रांच्या आवाराबाहेर किरणोत्साराची पातळी वाढलेली नाही, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जाहीर केले. तथापि आखाताच्या परिसरात राहणाऱ्यांसाठी खासगी निवाऱ्याचा विषय हा केवळ शीतयुद्धाच्या इतिहासाचा भाग उरलेला नाही. मस्कतपासून इराणचे बुशेहर अणुवीज केंद्र सुमारे साडेनऊशे किलोमीटरवर, तर अबू धाबीतील बराका केंद्र सुमारे सव्वासहाशे किलोमीटरवर आहे.

प्रथम दोन धोक्यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. जमिनीलगत झालेल्या अणुस्फोटात माती वर उचलली जाते आणि किरणोत्सारी धूळ होऊन खाली बसते. या धुळीची तीव्रता वेगाने घटते : वेळ सातपट झाला की ती सुमारे एकदशांश उरते. म्हणजे पहिल्या तासाच्या तुलनेत 7 तासांनी दहावा, दोन दिवसांनी शंभरावा आणि दोन आठवड्यांनी हजारावा भाग. निवाऱ्यात काही दिवस काढण्यामागचा सारा हिशेब या घसरणीवर उभा आहे. अणुभट्टीच्या अपघाताला हा नियम लागू पडत नाही. तेथे आयोडीन-131 चे अर्धायुष्य 8 दिवसांचे, तर सीझियम-137 चे 30 वर्षांचे असते. शेकडो किलोमीटरवरील अशा अपघातात भक्कम भूमिगत खोलीपेक्षा बंद दारे-खिडक्या, अन्नपाण्याची तपासणी आणि प्रशासनाच्या सूचना यांचाच उपयोग अधिक.

गॅमा किरणांची तीव्रता निम्मी करण्यास सुमारे 6 सेंटिमीटर काँक्रीट किंवा 9 सेंटिमीटर दाबून बसवलेली माती लागते. दहा वेळा निम्मी झाली की ती हजाराव्या हिश्श्यावर येते. त्यासाठी 60 सेंटिमीटर काँक्रीट किंवा 90 सेंटिमीटर माती पुरते. किरण सरळ रेषेत येत असल्याने प्रवेशमार्गाला काटकोनात वळण देतात. इथवरचे गणित सर्व देशांत सारखेच आहे.

ओमानमध्ये खरी अडचण पुढे, उष्णतेपाशी येते. खासगी निवाऱ्यांचा आदर्श म्हणून स्वित्झर्लंडचा दाखला दिला जातो. तेथे 1963 च्या कायद्यापासून घरांच्या बांधकामाशी निवारे जोडले गेले. त्यांत प्रतिमाणशी सुमारे एक चौरस मीटर जागा आणि गाळणीतून ताशी 3 घनमीटर हवा धरलेली असते. थंड जमिनीत हे चालते. ओमानमधील कुरियात येथे 26 जून 2018 रोजी चोवीस तासांतील किमान तापमानच 42.6 अंश सेल्सिअस नोंदले गेले. शांत बसलेला माणूसही सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. दहा माणसे म्हणजे बंद खोलीत अखंड चाललेला एक किलोवॅटचा हीटर, आणि वर घामाची वाफ. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेचे क्रेसन कियर्नी यांनी उष्ण हवामानासाठी प्रतिमाणशी मिनिटाला 40 घनफूट, म्हणजे ताशी सुमारे 68 घनमीटर हवा सुचवली आहे. स्विस प्रमाणाच्या ती वीसपटीहून अधिक भरते. घट्ट बंद केलेला आयात निवारा मस्कतच्या जुलैत वीज गेल्यावर किरणोत्सारापेक्षा उष्माघातानेच आधी जीव घेईल. स्फोटाजवळ पडणारी धूळ वाळूसारखी जड असते. त्यामुळे खाली तोंड केलेल्या, झाकण असलेल्या रुंद नळीतून संथ गतीने भरपूर हवा घेणे येथे अधिक शहाणपणाचे, आणि ती खेचणारा पंखा हातानेही चालवता आला पाहिजे.

दुसरी अडचण पुराची. मस्कतचा मोठा भाग वादींच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रांच्या, मुखाशी वसला आहे. जून 2007 मधील गोनू आणि ऑक्टोबर 2021 मधील शाहीन या चक्रीवादळांत अशा भागांची काय अवस्था झाली, हे तेथील जुन्या रहिवाशांना सांगावे लागत नाही. सखल जागी खणलेला निवारा म्हणजे पाण्याची टाकीच. जागा उंचावरची, प्रवेशद्वार भोवतालच्या जमिनीपेक्षा वर आणि बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग स्वतंत्र असावा.

मराठी व्यावसायिकांपैकी फार थोड्यांवर खणण्याचा प्रसंग येईल. परकीयांना घराची मालकी मिळते ती मुख्यतः एकात्मिक पर्यटन संकुलांत. बाकीचे भाड्याच्या घरांत राहतात. त्यांचा निवारा म्हणजे राहत्या इमारतीतील योग्य जागा. बहुमजली इमारतीत सर्वांत वरचे मजले आणि तळमजला टाळून मधल्या मजल्यावरील, बाहेरच्या भिंतींपासून दूरची खोली निवडावी. पोकळ ठोकळ्यांच्या भिंतींपेक्षा लिफ्टभोवतीचे भरीव काँक्रीट सरस. तळघरातील वाहनतळ उत्तम, परंतु पाणी शिरण्याची शक्यता नसेल तरच. पहिले चोवीस तास आत राहणे सर्वांत मोलाचे. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दाराशीच उतरवावेत. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो; खिडकीच्या एसीची बाहेरची झडप मात्र बंद करावी.

पाण्याबाबत ओमानची स्थिती नाजूक आहे, कारण किनारी शहरांचे बहुतेक पिण्याचे पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून येते. गोनूनंतर मस्कतच्या अनेक भागांत काही दिवस नळ कोरडे होते. गच्चीवरची झाकणबंद टाकी अशा वेळी उपयोगी पडते : धुळीचे किरण टाकीतून आरपार गेल्याने पाणी किरणोत्सारी होत नाही, धूळ आत पडली तरच होते. म्हणून झाकण घट्ट आहे ना, हे आजच पाहावे. माणशी दिवसाला 4 लिटर हा नेहमीचा हिशेब उन्हाळ्यात अपुरा पडतो.

देखभालीत किनाऱ्याची खारी हवा हा मुख्य शत्रू. काँक्रीटमधील सळ्या गंजतात, दाराचे रबर वाळून तडकते, बॅटऱ्या उष्णतेने लवकर निकामी होतात. हातपंखा दर काही महिन्यांनी फिरवून पाहावा. कोळशाची गाळणी असल्यास तिचे मूळ सील प्रसंगाखेरीज फोडू नये, कारण दमट हवेत ती निरुपयोगी होते. साठवलेले पाणी आणि औषधे एप्रिलमध्ये, उन्हाळा चढण्यापूर्वी बदलणे सोयीचे. पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या केवळ थायरॉइड ग्रंथीला आणि तेही किरणोत्सारी आयोडीनपासूनच वाचवतात. त्या अधिकृत सूचनेविना घेऊ नयेत. आणीबाणीचा क्रमांक 9999 आहे. घरात सेलवर चालणारा रेडिओ असावा, कारण वीज गेल्यावर मोबाइलचे मनोरे फार काळ तग धरत नाहीत.