जीपवाल्यांचा संघ

मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास हा बराचसा गिरण्या आणि कचेऱ्यांच्या संघांचा इतिहास आहे. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स ही नावे एके काळी कूपरेजच्या मैदानावर गाजली. १९६२ साली स्थापन झालेला महिंद्राचा संघ त्याच कुळातला. कंपनी जीप बनवी, म्हणून खेळाडूंना ‘जीपमेन’ हे टोपणनाव पडले.

१९९८ साली या संघाने ड्युरँड चषक जिंकला. २००० साली त्याने ‘महिंद्रा युनायटेड’ हे नाव धारण केले. पुढे २००३ व २००५ चे फेडरेशन चषक आले. आणि गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक असताना २००५-०६ ची राष्ट्रीय लीगही. कोलकाता, गोवा व पंजाब यांच्या बाहेर हा मान प्रथमच गेला, आणि तो मुंबईला मिळाला! २००८ मध्ये ड्युरँड पुन्हा घरी आला.

आणि २०१० मध्ये कंपनीने संघच विसर्जित केला. यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष देऊ, असे कारण दिले गेले. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या शाळकरी पोरांनी मोठेपणी खेळायचे कोणाकडून? हा संघ मैदानावर संपला नाही, संचालकांच्या टेबलावर संपला. मोहन बागानला सभासद आहेत, पिढ्यान् पिढ्यांचे पाठीराखे आहेत. महिंद्राला मालक होता. आम्ही मुंबईकरही कूपरेजच्या बाकांवर कितीसे बसलो?

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, राष्ट्रीय लीगचा पहिला विजेता, फगवाड्याचा जेसीटी गिरणीचा संघही बंद झाला.