आलूर, मिठू
आलूर, मिठू : (१९४३). अपंग मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या भारतीय संशोधक आणि मुंबईच्या स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापक. मुलगी मालिनी हिला जन्मतः मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) झाला. तिच्यासाठी योग्य शाळा भारतात मिळेना, तेव्हा मिठूताईंनी इंग्लंडमध्ये विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण घेतले आणि १९७२ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी केंद्र काढले. पुढे लंडन विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी त्यांनी सरकारी धोरणच तपासले. १९७५ मध्ये सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना सर्व बालकांसाठी असल्याचे कागदावर म्हटले होते. प्रत्यक्षात या योजनेच्या अंगणवाडीत अपंग मूल क्वचितच दिसे. हे मूल धोरणालाच दिसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष आजही अस्वस्थ करतो. स्वतः विशेष शाळा उभारलेल्या या बाईंनी नंतर सामान्य शाळेत सर्वांना एकत्र शिकवण्याचा आग्रह धरला, हे त्यांच्या विचाराचे मोठेपण होय. धारावीतील अंगणवाड्यांमध्ये त्यांनी ते करूनही दाखवले. स्पास्टिक्स सोसायटीचे नाव पुढे ‘अडॅप्ट’ झाले. १९८९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या मालिनी चिब यांनी लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले. मालिनी यांचे ‘वन लिटल फिंगर’ हे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध आहे.