बेदाण्यांची पिशवी

खालचं घर कल्पित आहे. विष मात्र खरं आहे, आणि ते चढायला लागणारा वेळही.

सहा महिने आधी. नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका सोसायटीत दोन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आलं. चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडू लागले, हिरड्या शिवशिवल्या आणि ब्रुनो चप्पल, मोजे, चार्जरची वायर, मिळेल ते चावू लागला. घरचे दरवेळी ओरडत मागे धावले, जबड्यात बोटं घालून वस्तू ओढून काढली. यातून तो एवढंच शिकला, की माणसं हिसकावतात, तेव्हा पटकन गिळायचं. अनर्थ मी इथून मोजते.

फेब्रुवारी, शनिवार, सकाळी १०. पिंपळगावहून काका आले. हायवेवर द्वारकेला उतरले तेव्हा हातात द्राक्षांची पेटी आणि अर्धा किलो बेदाणे. पेटी ओट्यावर गेली, पिशवी सोफ्यावर राहिली.

१०.२०. प्लास्टिक फाटल्याचा आवाज. “ब्रुनो, सोड! सोड म्हणते ना!” आई धावली. त्याने मान फिरवली आणि तोंडातलं सगळं न चावता गिळलं. निम्मी पिशवी रिकामी.

‘सोड’ त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तोंडात खेळणं असताना नाकाशी पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा धरायचा. तोंड उघडलं की ‘सोड’ म्हणायचं, तुकडा द्यायचा आणि खेळणंही परत द्यायचं. सोडल्याने आपलं काही जात नाही हे पटलं, की कुत्रा वस्तू स्वतः आणून देऊ लागतो. रोज पाच मिनिटं पुरतात.

१०.३०. “फळच आहे, काय होतंय?” काका म्हणाले. द्राक्षांच्या जिल्ह्यात हे कुणीही म्हणेल, आणि त्याचीच मला भीती वाटते. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. संशय टार्टरिक आम्लावर आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी तो २०२१ मध्ये मांडला. चिंचेतही हेच आम्ल असतं. द्राक्षाद्राक्षांत त्याचं प्रमाण बदलतं, त्यामुळे ‘एवढे चालतील’ असा आकडा नाही. बेदाण्यात तर ते वाळून एकवटलेलं.

दुपारी १२.३०. दोन तास झाले. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवण्याची सर्वांत चांगली वेळ या दोन तासांतच होती. (घरी मिठाचं पाणी पाजू नका, रक्तातलं सोडियम वाढून त्यानेच जीव जाऊ शकतो.) ब्रुनो शेपूट हलवत होता, म्हणून कुणी फोन केला नाही.

संध्याकाळी ६. उलटी. त्यात टम्म फुगलेले, अख्खे बेदाणे. रात्री जुलाब. पुढे ठेवलेला दहीभात त्याने हुंगलाही नाही. या घडीलाही दवाखान्यात नेऊन शिरेतून सलाईन सुरू केलं असतं, तर आशा बरीच होती.

रविवार. नुसतं पाणी पितोय, पोटाला हात लावला की कण्हतोय. “उद्या दाखवू.”

सोमवार, सकाळी ९. रक्ततपासणी. क्रिएटिनिन आणि युरिया दोन्ही खूप वाढलेले. सलाईन लागलं. या विषावर उतारा नाही. मूत्रपिंडं चालू ठेवायची, एवढाच उपचार.

मंगळवार, सकाळी १०. सलाईन आत जातंय, लघवी होत नाही. वजन वाढलं ते साठलेल्या पाण्याचं. डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं: लघवी पूर्ण थांबल्यावर यातली बहुतेक कुत्री वाचत नाहीत.