वसईची वाडी

वसई म्हटलें कीं पाहुण्याचीं पावलें प्रथम किल्ल्याकडे वळतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. इ. स. १५३४ मध्यें गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं ती जिंकली. तेव्हां येथल्या ख्रिस्तमंदिरांच्या घंटा देशावर गेल्या. एक नाशिकास नारोशंकराच्या देवळांत, एक मेणवलीस अद्याप टांगलेली आहे. ह्याच वसईंत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्यें नागासाकीस क्रूसावर हुतात्मे झाले. १८६२ मध्यें ते संत म्हणून घोषित झाले.

किल्ला पडला, परंतु वसई जगली ती वाडीच्या बळावर. समुद्र इतका जवळ, तरी विहिरीचें पाणी गोडें! बैल रहाट ओढी, मडक्यांच्या माळेंतून पाणी पाटांत पडे, आणि पाटाच्या दोहों बाजूंस केळी, पानवेली, भाजीपाला. राजेळी केळीं सोलून उन्हांत सुकवावयाचीं, केळीच्याच वाळल्या पानांत बांधावयाचीं, हींच आगाशीचीं सुकेळीं. ज्यानें तीं चाखलीं नाहींत, त्याला वर्णन करून काय सांगावें?

पुढें रहाट गेला, पंप आला. बैल थके, पंप थकेना. टँकर भरभरून पाणी बाहेर जाऊं लागलें, तसतसें खारें पाणी जमिनींत आंत सरकलें व पानवेली माना टाकूं लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं 'हरित वसई'ची चळवळ उभी केली ती ह्याच पाण्यासाठीं, ह्याच वाडीसाठीं. तरीही इमारती वाढतच गेल्या. २००९ मध्यें महानगरपालिका झाली.

एखाद्या जुन्या विहिरीपाशीं बैलाच्या फेरीची गोल वाट अजून दिसते. मुलें विचारतात, ही वाट जाते तरी कोठें?