इच्छापुरी भरीत आणि कळण्याची भाकरी

इच्छापूर मध्य प्रदेशात असले, तरी आपली चूल खान्देशाचीच. चातुर्मासात अनेक घरी वांगे वर्ज्य असते. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की भरताचे दिवस सुरू होतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आईचे माप 'अंदाजाने' असे. तो अंदाज तिच्याबरोबर गेला. म्हणून पत्नीच्या हाताखाली मोजून लिहिलेले हे प्रमाण, पाच जणांसाठी.

भरीत : हिरवी-पांढरी, कमी बियांची मोठी वांगी 1 किलो, हिरव्या मिरच्या 8, लसूण 12 पाकळ्या, कांद्याची पात 1 जुडी, शेंगदाणे अर्धी वाटी, तेल 4 चमचे, जिरे, कोथिंबीर, मीठ. वांग्यांना टोचे मारून, तेलाचा हात लावून पऱ्हाट्यांवर भाजावीत. साल काढून भाजलेल्या मिरच्या-लसणासह लाकडी बडगीत ठेचावीत. मिक्सरमध्ये त्यांचा लगदा होतो. तेलात जिरे, शेंगदाणे, पात परतून वांगे घालावे. पाच मिनिटांनी मीठ, कोथिंबीर.

कळणा : ज्वारी 1 किलो, सालासकट काळे उडीद 250 ग्रॅम, जाडे मीठ 2 चमचे एकत्र दळावे. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी सहसा तुटत नाही.

गॅसवर भाजले तरी चालते, धुराचा वास तेवढा येत नाही. आपल्या घरचे प्रमाण वेगळे असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांसमोर बसून आजच लिहून ठेवावे.