मागणाऱ्याचा धर्म, देणाऱ्याचा धर्म : जालना जिल्ह्यातील भिक्षेचा मागोवा

इ. स. १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीतला एक अधिकारी, जेम्स प्रिन्सेप, सांचीच्या स्तूपावरील लहान लहान लेखांचे ठसे न्याहाळत होता. ब्राह्मी लिपी तोवर कुणालाच नीट वाचता येत नव्हती. लेख एकाच ओळीचे, एकमेकांपासून वेगळे. पण बहुतेकांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होत होता. हे कठडे आणि दगड लोकांनी अर्पण केलेले असणार, तेव्हा शेवटचा शब्द ‘दानं’ असला पाहिजे, असा तर्क त्याने बांधला. या शब्दाने ‘द’ आणि ‘न’ ही अक्षरे आणि वरचा अनुस्वार हाती आला, आणि त्यांच्या आधारे पुढे अशोकाचे लेखही बोलू लागले. भारताच्या प्राचीन इतिहासाचे कुलूप उघडले ते ‘दान’ या किल्लीने, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

सांचीच्या त्या दात्यांमध्ये आपल्या जालना जिल्ह्यातले लोकही आहेत. ‘भोगवर्धन’ या गावच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांचे लेख तेथे आढळतात. भोगवर्धन म्हणजे केळणा नदीकाठचे आजचे भोकरदन. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य थेट इटलीतील पाँपेई येथील मूर्तीशी असल्याने भोकरदनचे नाव अभ्यासकांत गाजले. व्यापाराच्या वाटेवरचे हे संपन्न गाव होते, हे त्यावरून कळते. मला मात्र त्या मूर्तीपेक्षा सांचीचे लेख अधिक बोलके वाटतात. सरळ रेषेत मोजले तरी सांची येथून सुमारे चारशे किलोमीटर दूर. एवढ्या लांबच्या स्तूपावर आपले नाव, गाव आणि ‘दान’ हा शब्द कोरून घ्यावा, असे त्या माणसांना का वाटले असेल?

या प्रश्नाचा पाठपुरावा करताना लक्षात आले की, धर्मांचे तत्त्वज्ञान ग्रंथांत शोधता येते तसे ते उंबरठ्यावरही शोधता येते. कोण मागतो, कोण देतो, काय मागायचे नाही आणि देणाऱ्याला काय मिळते, एवढे चार प्रश्न विचारले की प्रत्येक धर्माची मूळ श्रद्धा समोर येऊन उभी राहते. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या लहानशा जिल्ह्यात अशा अनेक परंपरा शेजारी शेजारी नांदल्या आहेत. त्यांच्या झोळ्या, पात्रे आणि परड्या पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पात्र आणि मधमाशी

बौद्ध भिक्खू शब्दाने मागत नाही. तो पात्र घेऊन दारासमोर शांत उभा राहतो. कुणी वाढले तर घेतो, नाही तर पुढे जातो. विनयाच्या नियमांप्रमाणे त्याने स्वयंपाक करायचा नाही, धान्य साठवायचे नाही, मध्यान्हीनंतर जेवायचे नाही. या नियमांचा परिणाम असा की, संघाला लोकांपासून एक दिवसही तुटून राहता येत नाही. भिक्खूला रोज गृहस्थाच्या दारी जावेच लागते. तो अन्न घेतो आणि धम्म देतो. गृहस्थ अन्न देतो आणि पुण्य जोडतो. म्हणूनच एखाद्या उपासकाने संघाला उपद्रव दिला तर विनयात सांगितलेली शिक्षा आहे ती ‘पात्र पालथे करण्याची’. त्याच्या घरची भिक्षा संघ स्वीकारत नाही. इथे वंचित होतो तो मागणारा नव्हे, देणारा. सांचीच्या लेखांत तर काही दाते स्वतःच भिक्खू आणि भिक्खुणी आहेत. भिक्षेवर जगणाऱ्यांनीही दिले आणि आपले नाव कोरून ठेवले.

जैन साधूची गोचरी वरवर अशीच दिसते. मुळातला विचार मात्र वेगळा आहे. गाय जशी इथून थोडे, तिथून थोडे चरते आणि मुळासकट उपटत नाही, तसे साधूने घरोघरी थोडे थोडे घ्यावे, म्हणून ही ‘गोचरी’. बौद्ध भिक्खू घरी बोलावलेले जेवण स्वीकारू शकतो. जैन साधूला मात्र त्याच्यासाठी मुद्दाम रांधलेले अन्न चालत नाही, कारण त्या रांधण्यात झालेल्या हिंसेचा तो निमित्त ठरतो. श्वेतांबर परंपरेने भिक्षेचे बेचाळीस दोष मोजून ठेवले आहेत. त्यामुळे श्रावकाने साधूसाठी वेगळे काही करायचे नसते. घरात जे शिजले आहे तेच निर्दोष असेल तर द्यायचे. म्हणजे साधू दारात यावा असे वाटत असेल तर रोजचेच स्वयंपाकघर शुद्ध ठेवावे लागते. जालना शहरातील गुरु गणेश तपोधामामुळे स्थानकवासी परंपरेचे हे आचार या भागात परिचित आहेत.

दोन्ही परंपरांत दृष्टान्त मात्र एकच आहे. फुलाला इजा न करता रस घेणारी मधमाशी धम्मपदात आहे, आणि जैनांच्या दशवैकालिक सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात आहे. मराठीतल्या ‘माधुकरी’ या शब्दातही तीच माशी गुणगुणते आहे.

जाळीचा देव ते जांब

भोकरदन तालुक्यातच ‘जाळीचा देव’ हे महानुभावांचे मोठे तीर्थस्थान आहे. श्रीचक्रधरस्वामींनी अनुयायांना घालून दिलेला आचार म्हणजे अटन, विजन, भिक्षाभोजन आणि नामस्मरण. एका गावी रमायचे नाही, एकांतात राहायचे, भिक्षेवर निर्वाह करायचा आणि परमेश्वराचे स्मरण ठेवायचे. भिक्षा चारही वर्णांच्या घरी मागायची. घर निवडायचे नाही, चव निवडायची नाही. तेराव्या शतकात हा नियम किती धाडसाचा होता, हे वेगळे सांगायला नको. जीवाची बंधने ज्या ज्या गोष्टींत अडकलेली आहेत त्यांत आपले गाव, आपली माणसे, आपली जात आणि आपली जीभही आली. भिक्षा ही त्या साऱ्यांपासून सुटण्याची साधना होती. दात्याला पुण्य मिळते की नाही, याला येथे दुय्यम स्थान आहे; झोळी आहे ती मागणाऱ्याचा अभिमान गाळण्यासाठी.

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ च्या रामनवमीला येथे जन्मलेला नारायण पुढे पंचवटीत माधुकरी मागून राहिला. दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर एक संपूर्ण समास आहे. तेथे भिक्षेला कामधेनू म्हटले आहे. कुणी भरभरून आणले तरी त्यातले थोडेच घ्यावे, असेही सांगितले आहे. पण समर्थांचा खास विचार पुढेच आहे : भिक्षेच्या निमित्ताने गावोगावची घरे पाहावीत, लहानथोर माणसे पारखावीत. ध्यानासाठी एकांत हवा म्हणून मागणारा महानुभाव आणि माणसे जोडायची म्हणून मागणारा रामदासी, यांच्या झोळीचे कापड एक असले तरी वीण वेगळी आहे. मनाचे श्लोक भिक्षेच्या वेळी म्हणण्यासाठी रचले गेले, अशी संप्रदायाची आख्यायिका आहे. सज्जनगडाहून निघणाऱ्या भिक्षाफेऱ्या आजही श्लोक म्हणतच दारी येतात.

त्याच काळात देहूचे तुकोबा मात्र भिक्षापात्राच्या जिण्याला लाजिरवाणे म्हणत होते. वारकऱ्याने संसार सोडायचा नाही, घाम गाळायचा, वारी करायची. एकाच शतकात, एकाच भाषेत, विठ्ठल आणि राम या विष्णूच्याच रूपांचे भक्त असलेल्या दोन महापुरुषांचे भिक्षेबद्दल इतके वेगळे मत असावे, ही गोष्ट ‘हिंदू धर्म असे सांगतो’ म्हणून एका वाक्यात निकाल लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

परडी, नाडा आणि तलाव

भिक्षा केवळ संन्याशाने मागायची, असेही नाही. अंबडच्या मत्स्योदरी देवीचे भक्त असोत किंवा तुळजाभवानीचे, मंगळवारी, शुक्रवारी किंवा नवरात्रात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागण्याची रीत मराठवाड्यात सर्वत्र आहे. ज्या बाईच्या कणगीत धान्य भरलेले आहे, तीही पीठमीठ मागायला शेजारणीच्या दारात उभी राहते. देवीपुढे सगळेच रिकाम्या हाताचे, ही त्यामागची श्रद्धा.

याच्या अगदी शेजारी मोहरमची फकिरी ठेवून पाहावी. नवस फेडण्यासाठी गळ्यात रंगीत नाडा घालून ‘फकीर’ होणारे आणि सवारीच्या दिवसांत घरोघरी मागणारे अनेक जण मराठवाड्याच्या खेड्यांत हिंदू कुटुंबांतले असत. जोगवा आणि फकिरी यांची दैवते निराळी, पण चार दिवस मागता होऊन स्वतःला लहान करून घेण्याची कल्पना तीच.

इस्लामच्या शास्त्रीय विचारात मात्र भर मागण्यावर नसून देण्यावर आहे. जकात ही दया नाही, कर्तव्य आहे. ठरावीक मर्यादेहून अधिक संपत्ती चांद्रवर्षभर राहिली की तिचा चाळिसावा हिस्सा काढायचा, आणि तो कुणाला द्यायचा त्याचे आठ वर्ग कुराणात सांगितलेले आहेत. श्रीमंताच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क असतो, असेच तेथे मानले आहे. हक्क म्हटला की उपकाराची भाषा संपते. गुप्तपणे दिलेले दान अधिक चांगले मानले आहे, आणि देणारा मेल्यावरही ज्याचा लाभ लोकांना होत राहतो अशा कामाला ‘सदका-ए-जारिया’, म्हणजे वाहते दान म्हणतात. जालन्यात जमशेदखानाच्या नावाशी काळी मशीद, हमाम आणि सराई जोडलेली आहे. मोती तलाव आणि त्यातून शहरात पाणी आणणारी नळांची व्यवस्थाही त्याचीच सांगतात. मशीद नमाज पढणाऱ्यांची. पण सराईत उतरणाऱ्या वाटसरूला आणि हौदावर घागर भरणाऱ्या बाईला तिचा धर्म कुणी विचारला नसेल.

न निवडलेली भिक्षा

येथपर्यंतचे सारे चित्र सुंदर आहे. मात्र त्याच गावात, त्याच दारांत, आणखी एक हात रोज पसरला जात होता आणि त्याची गणना कोणत्याही साधनेत झाली नाही. गावची राखण, सांगावे, ओझी, मेलेली जनावरे ओढणे ही कामे महारांकडे होती. त्याच्या मोबदल्यात बलुत्याचे धान्य आणि येसकराची भाकर मिळे. ही भाकर म्हणजे खरे तर मजुरी होती, पण ती भिक्षेच्या रूपात द्यायची रीत होती. संध्याकाळी येसकराने दाराबाहेर उभे राहून हाक द्यायची आणि घरातल्या बाईने उरलेसुरले वरून टाकायचे.

महानुभाव भिक्षूने अभिमान गळावा म्हणून जे स्वेच्छेने पत्करले, ते या माणसावर जन्माने लादले होते. भिक्षूच्या झोळीत भाकरी पडताना देणारा हात नम्र होत होता; येसकराच्या पदरात पडताना तोच हात वर राहत होता. पहिल्याला नको म्हणायची मुभा होती. भिक्खू तर पात्र पालथे करून दात्याला शिक्षा करू शकत होता. येसकराने भाकर नाकारली असती तर त्याच्या घरची चूल पेटली नसती. माझ्या मते सगळा भेद या एका मुभेत आहे. ती असली तर मागणे ही साधना, नसली तर ती गुलामी.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला झालेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिळे तुकडे मागणे आणि मृत जनावरांचे मांस खाणे सोडून देण्याचे आवाहन केले. चवदार तळ्याच्या पाण्याची आठवण आपण ठेवली. या दुसऱ्या आवाहनाची तितकीशी ठेवली नाही. पाणी मिळवणे ही एका अर्थाने मागणी होती, तर भाकर नाकारणे हे पात्र पालथे करणेच होते. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेताना ज्या बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या गेल्या, त्यांत दहा पारमितांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. त्या दहांतली पहिली पारमिता दानाची. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना केवळ घेणारे करून ठेवले होते, त्यांनी नव्या धम्मात प्रवेश करताना देणारे होण्याचे वचन घेतले. आज मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत वर्गणीतून उभ्या राहिलेल्या विहारांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या दिसतात : कुणाच्या स्मरणार्थ, कोणत्या गावच्या कुणाकडून, काय दान. नाव, गाव, दान. भोगवर्धनच्या माणसांनी सांचीला कोरून घेतलेल्या ओळीचा हाच साचा आहे.

दुसऱ्या बाजूला, ज्यांचे जगणेच धर्माच्या नावाने फिरून मागण्यावर होते त्या जमाती आज कुठे आहेत? वासुदेव, गोंधळी, भराडी, डवरी गोसावी यांना गावगाड्यात जागा होती, कारण त्यांच्या गाण्याला आणि आशीर्वादाला लोक मोल देत. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक ठिकाणी गाणे, नाच वा भविष्य सांगण्याच्या निमित्ताने मागणेही भीक या व्याख्येत घातले आणि भीक हा गुन्हा ठरवला. कायद्यापेक्षाही मोठा बदल लोकांच्या नजरेत झाला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. दारी आलेल्या अनोळखी माणसाला ओळखण्याची जी भाषा बौद्धांपासून रामदासींपर्यंत सर्वांनी घडवली होती, ती आपण विसरलो आहोत, याचा यापेक्षा भयंकर पुरावा दुसरा कोणता हवा?

दात्यांची नावे दगडावर राहिली. मागणाऱ्यांची कुठेच कोरली गेली नाहीत. जालना जिल्ह्यात अजूनही पहाटे टाळ वाजवत येणारे, देवीची परडी घेऊन येणारे, पिराच्या नावाने लोबान फिरवणारे काही जण हयात आहेत. त्यांची गाणी, आशीर्वादाचे शब्द, फिरण्याच्या वाटा आणि ठरलेली गावे लिहून ठेवायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही. वही लागते आणि दारात त्यांना बसायला जागा द्यावी लागते. त्याच वहीत येसकराच्या भाकरीच्या आठवणीही यायला हव्यात, आणि त्या सांगणारी शेवटची पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. दोन्ही नोंदी एकाच वहीत शेजारी शेजारी आल्या, तरच या जिल्ह्याच्या धर्मजीवनाचा हिशेब खरा लागेल.